दिग्दर्शक कोण, निर्माता कोण: फ्रेड बार्झिक यांची गोष्ट

सिनेमामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की निर्माता म्हणजे पैसे घालणारा. सार्वजनिक टीव्हीत तसं नसतं. तिथे पैसा अनुदानाचा, देणग्यांचा. निर्माता बहुतेकदा पगारी माणूस. मुंबई दूरदर्शनचे निर्मातेही नोकरीतच असत. मग त्याचं काम दिग्दर्शकापेक्षा वेगळं कसं?

अमेरिकेतल्या बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक टीव्ही केंद्रावरचे फ्रेड बार्झिक दोन्ही कामं करत, म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की फरक स्पष्ट होतो. दिग्दर्शक कंट्रोल रूममध्ये मॉनिटरसमोर बसतो आणि कुठल्या क्षणी कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र प्रक्षेपणात जाईल ते ठरवतो. १९६७-६८ मधल्या डेव्हिड सिल्व्हर यांच्या कार्यक्रमात बार्झिक यांनी हेच काम बेबंदपणे केलं; फिल्म, टेप आणि स्टुडिओतली चित्रं एकमेकांत मिसळून टाकली.

पण असला गोंधळ प्रक्षेपित होऊ देणं, हे निर्मात्याचं काम. १९६९ मध्ये ‘द मीडियम इज द मीडियम’ या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी नाम जून पाइक, ॲलन कॅप्रो, ओटो पीने अशा सहा कलावंतांच्या हाती स्टुडिओची यंत्रं आली. बार्झिक त्याच्या निर्मात्यांपैकी एक. इथे एकेक दृश्य कसं दिसावं हे कलावंत ठरवत होते. निर्मात्यांना कलावंत निवडायचे होते, स्टुडिओचा वेळ मिळवायचा होता, तंत्रज्ञांना राजी करायचं होतं आणि वरिष्ठांचा धीर सुटू द्यायचा नव्हता. पुढच्याच वर्षी पाइक आणि अभियंता शुया आबे यांचा व्हिडिओ सिंथेसायझर, म्हणजे टीव्हीची चित्रं हवी तशी रंगवणारं, वाकवणारं यंत्र, याच केंद्रावरून चार तास थेट प्रक्षेपणात चालला. माझ्या मते बार्झिक यांची खरी थोरवी या परवानग्यांमध्ये आहे, आणि श्रेयनामावलीत नेमकी तीच दिसत नाही.

त्यांचे सहकारी डेव्हिड लॉक्स्टन न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक केंद्राची टीव्ही लॅब ही प्रयोगशाळा चालवत. १९७२ च्या, अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांच्या साहित्यावरच्या टीव्हीपटात लॉक्स्टन निर्माते आणि बार्झिक दिग्दर्शक होते. १९८० च्या ‘द लेथ ऑफ हेवन’मध्ये मात्र दोघांनी दोन्ही कामं मिळून केली. त्या चित्रपटात बीटल्सचं एक गाणं आहे. ते पडद्यावर कसं यावं, हा दिग्दर्शकाचा निर्णय. त्याचे हक्क मिळवणं आणि टिकवणं ही निर्मितीची बाजू. पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्ही जाळ्याचे प्रक्षेपणाचे हक्क संपल्यावर हा चित्रपट बरीच वर्षं पडद्याआड राहिला. २००० मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा बीटल्सच्या मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क परवडत नसल्यामुळे त्याच गाण्याची दुसऱ्या कलाकारांनी गायलेली आवृत्ती घालावी लागली.