ड्रम ब्रेक : घरगुती जुळवणी व देखभाल

चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर दोन अर्धवर्तुळाकार शू दाबून गाडी थांबवणारी रचना म्हणजे ड्रम ब्रेक. फ्रान्सच्या लुई रेनो यांनी १९०२ मध्ये तिला आधुनिक रूप दिले. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, तरी अनेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांना आजही ड्रमच असतात.

लायनर, म्हणजे शूवरचे घर्षणाचे अस्तर, झिजले की शू व ड्रम यांतील अंतर वाढते, पेडल खोल जाते आणि हँडब्रेक जास्त ओढावा लागतो. विदर्भात या झिजेला काळ्या मातीची जोड मिळते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने किंवा नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये बारीक गाळ शिरतो आणि तो वाळला की जुळवणीचे, म्हणजे शू व ड्रम यांतील अंतर कमी-जास्त करणारे, दातेरी चाक जाम होते. त्यामुळे हँडब्रेकची केबल आवळून ‘ब्रेक टाईट’ करण्याची सर्रास रीत फसवी आहे : झीज तशीच राहते, शू पूर्ण मागे येत नाहीत आणि अनेक गाड्यांत आपोआप होणारी जुळवणीही बंद पडते.

गाडी कठीण, सपाट जागी घ्यावी, कारण वावरातल्या मातीत जॅक खचतो. पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून, गाडी स्टँडवर टेकवावी. ड्रम निघत नसल्यास दातेरी चाक उलटे फिरवून शू आत घ्यावेत. काही ड्रमवर बोल्ट आवळून तो बाहेर ढकलण्यासाठी आट्यांची भोकेही असतात. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. ड्रम काढलेला असताना पेडल दाबल्यास शूंना बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात, म्हणून ते दाबू नये. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची मांडणी विसरल्यास दुसरी बाजू पाहता येते. सिलिंडर पाझरून लायनर तेलकट झाले असतील, तर ते धुऊन वापरण्यापेक्षा गळती दुरुस्त करून दोन्ही बाजूंचे शू बदलावेत.

जुळवताना गाडीचे चाक अडेपर्यंत दातेरी चाक फिरवावे, मग गाडीचे चाक मोकळे फिरून लायनरचा हलका स्पर्श ऐकू येईपर्यंत दातेरी चाक काही दाते मागे घ्यावे. पेडल चार-पाच वेळा दाबून पुन्हा तपासावे. केबलला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

‘ब्रेक ऑईल’ हे रूढ नाव दिशाभूल करते. डॉट ३ व डॉट ४ या प्रतींचे ब्रेकचे द्रव तेल नसून ग्लायकॉल या रसायनांच्या वर्गातील असतात. त्यांत इंजिन ऑईल मिसळल्यास रबरी वायसर फुगतात. हे द्रव हवेतील ओल शोषतात व त्यांचा उत्कलनबिंदू घटतो, म्हणून उघडी राहिलेली बाटली पुढच्या हंगामासाठी ठेवू नये.

नाला ओलांडल्यावर पेडल हलके दाबत थोडे अंतर सावकाश जावे, म्हणजे लायनर सुकतात. भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवल्यास शू ड्रमला चिकटतात; त्याऐवजी ती सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.