शेल्टन, बेन

शेल्टन, बेन : (९ ऑक्टोबर २००२ – ). अमेरिकेचा डावखुरा व्यावसायिक टेनिसपटू. जन्म जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे. जडणघडण फ्लोरिडातील गेन्सव्हिल या विद्यापीठाच्या गावी. ताशी २४० किमी.च्या घरात जाणारी सर्व्हिस हीच त्याची ओळख म्हणून सांगितली जाते. त्याच्या कारकिर्दीतील खरी नवलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. हल्ली अव्वल टेनिसपटू तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा आटोपती घेऊन अकादमीत दाखल होतात आणि कुमार स्पर्धांसाठी देशोदेशी फिरू लागतात. शेल्टन वयाच्या विशीपर्यंत अमेरिकेबाहेर गेलाच नव्हता. साध्या शाळेत शिकून तो विद्यापीठाच्या संघातून खेळला, ऑगस्ट २०२२ मध्ये व्यावसायिक झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक क्रमवारीत पाचव्या स्थानावर पोहोचला.

टेनिसचे बाळकडू घरातच होते. मुलाने ते बराच काळ गिळले नाही एवढेच. वडील ब्रायन शेल्टन हे १९९० च्या दशकातील एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या दौऱ्यावरील खेळाडू. १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षे त्यांनी न्यूपोर्टची गवती कोर्टावरील स्पर्धा जिंकली, क्रमवारीत ५५ पर्यंत मजल मारली. १९९४ च्या विम्बल्डनमध्ये पात्रता फेरीतून आलेल्या ब्रायन यांनी पहिल्याच सामन्यात दुसरे मानांकन असलेल्या मायकेल श्टिकला घरी पाठवले आणि चौथी फेरी गाठली. आई लिसा कुमार गटात खेळलेल्या, तर मामा टॉड विट्स्केन यांनी १९८६ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत जिमी कॉनर्सला हरवले होते. अशा घरातला मुलगा खेळत होता अमेरिकन फुटबॉल, आणि त्यातही क्वार्टरबॅकच्या जागी, म्हणजे संघाची चढाई रचणारा आणि लांब पल्ल्याची फेक करणारा. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने फुटबॉल सोडला. खांद्यातून येणारी फेक आणि डोक्यावरून मारलेली सर्व्हिस या सख्ख्या नव्हे तरी चुलत बहिणी खऱ्याच. त्यामुळे त्याच्या सर्व्हिसचे मूळ फुटबॉलच्या मैदानात शोधणाऱ्यांना अगदीच खोटे ठरवता येत नाही.

निवृत्तीनंतर ब्रायन प्रशिक्षणाकडे वळले. त्यांच्या हाताखाली जॉर्जिया टेकच्या मुलींच्या संघाने २००७ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद मिळवले. २०१२ मध्ये ते फ्लोरिडा विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि कुटुंब गेन्सव्हिलला आले. परदेशी कुमार स्पर्धांना जायचा मुलाचा हट्ट त्यांनी मानला नाही. आधी देशातल्या मुलांना हरव, मग बाहेरचे बघू, असा त्यांचा साधा हिशेब होता. व्यावसायिक टेनिस आतून पाहिलेल्या माणसाचा हा निर्णय होता, ही गोष्ट इथे महत्त्वाची.

विद्यापीठ टेनिस

शेल्टनचा खेळ समजून घ्यायचा तर ही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही. अमेरिकन विद्यापीठांतील टेनिस हा सांघिक खेळ आहे. दुहेरीचे तीन छोटे सामने मिळून एक गुण, एकेरीचे सहा सामने म्हणजे सहा गुण. जो संघ आधी चार गुण मिळवेल तो विजयी. सहाही कोर्टांवर एकाच वेळी खेळ चालू असतो. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला की पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो, म्हणून दर काही मिनिटांनी निर्णायक गुण येतो. वर शेजारच्या कोर्टावरून सहकाऱ्यांच्या आरोळ्या आणि विरोधी विद्यापीठाच्या प्रेक्षकांची टिंगल. विम्बल्डनच्या अदबशीर शांततेशी या वातावरणाचे काही नाते नाही. शेल्टनची कोर्टावरची आरडाओरड काहींना उथळ वाटते. ती इथली आहे, आणि हजारो प्रेक्षकांच्या गोंगाटात त्याचा खेळ बिघडण्याऐवजी खुलतो तोही इथल्या सरावामुळेच.

पहिल्या वर्षी तो संघात खालच्या क्रमांकावर खेळत असे. मे २०२१ मध्ये ऑर्लँडो येथे बेलर विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम लढतीत निर्णायक चौथा गुण मात्र त्यानेच मिळवला आणि फ्लोरिडाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. मुलांचे आणि मुलींचे अशी दोन्ही सांघिक विजेतेपदे मिळवून देणारे ब्रायन हे पहिलेच प्रशिक्षक ठरले. दुसऱ्या वर्षी, २०२२ मध्ये, बेन इलिनॉयमधील शँपेन येथे ऑगस्ट होल्मग्रेनला हरवून एकेरीचा विद्यापीठ विजेता झाला. या किताबाच्या यादीत आर्थर अॅश (१९६५), जिमी कॉनर्स (१९७१) आणि जॉन मॅकेन्रो (१९७८) ही नावे आहेत. पुढे खेळ अधिकाधिक पोरसवदा वयात व्यावसायिक होत गेला, तशी ही वाट मागे पडली. जॉन इस्नर आणि केविन अँडरसन यांच्यासारखे काही जण तिच्यावरून आले, पण सर्वोच्च प्रतिभेची मुले बहुधा तिकडे फिरकत नव्हती.

व्यावसायिक पदार्पण

ऑगस्ट २०२२ मध्ये सिनसिनाटी मास्टर्स या ग्रँड स्लॅमखालोखालच्या दर्जाच्या स्पर्धेचे वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजकांनी दिलेला प्रवेश, मिळाले तेव्हा शेल्टन अजून विद्यार्थीच होता. तिथे त्याने लोरेंझो सोनेगोला आणि पाठोपाठ जगातील पाचव्या क्रमांकाच्या कॅस्पर रूडला ६-३, ६-३ असे हरवले. त्याच महिन्यात तो व्यावसायिक झाला. शिक्षण ऑनलाइन चालू ठेवले. अमेरिकन खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत नुनो बोर्जेसने त्याला पाच सेटमध्ये हरवले, त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र शार्लट्सव्हिल, नॉक्सव्हिल आणि शँपेन अशा तीन चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवरील) स्पर्धा त्याने सलग तीन आठवड्यांत जिंकल्या आणि वर्षाअखेर पहिल्या शंभरात जागा मिळवली. यांतले शँपेन म्हणजे सहा महिन्यांपूर्वी विद्यापीठाचा किताब मिळवला तेच गाव.

जानेवारी २०२३ मधील ऑस्ट्रेलियाचा दौरा ही त्याची पहिली परदेशवारी. मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत चीनचा झांग झिझेन आणि स्वदेशी जे. जे. वुल्फ या दोघांनाही पाच-पाच सेटमध्ये हरवत तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तिथे टॉमी पॉलकडून चार सेटमध्ये हरला. पुढे काय होते हे एव्हाना सर्वांना उमगले होते, असे नंतर सांगणारे पुष्कळ निघाले. प्रत्यक्षात पुढचे सात महिने कोरडे गेले. एटीपी स्पर्धांत सलग दोन सामने जिंकणे त्याला जमेना. युरोपातील लाल माती तर अगदीच नवखी; फ्रेंच खुल्या स्पर्धेत सोनेगोने पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळायला लावला. तोवर दौऱ्यावर त्याच्याबरोबर अँडी रॉडिकचे माजी प्रशिक्षक डीन गोल्डफाइन असत. जून २०२३ मध्ये ब्रायन यांनी विद्यापीठाची नोकरी सोडली आणि मुलाचे प्रशिक्षण पूर्णवेळ हाती घेतले.

न्यूयॉर्क, २०२३

अमेरिकन खुल्या स्पर्धेत तो उतरला तेव्हा क्रमवारीत ४७ वा होता. चौथ्या फेरीत टॉमी पॉलविरुद्ध एकाच गेममध्ये त्याने दोनदा ताशी १४९ मैल, म्हणजे सुमारे २४० किमी. वेगाची सर्व्हिस केली आणि दुसऱ्या दिवशी जगभर त्याच आकड्याची चर्चा झाली. पण त्या स्पर्धेतील त्याचा सर्वोत्तम क्षण सर्व्हिसचा नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सिस टियाफोविरुद्ध एकेक सेट झाला होता. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेममध्ये) ६-५ अशी आघाडी असताना शेल्टनने लागोपाठ दोन दुहेरी चुका केल्या, म्हणजे पहिली व दुसरी अशा दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण गमावले, आणि सेट गुण टियाफोच्या हाती दिला. अशा वेळी कुणीही चेंडू सुखरूप परत टाकण्याचे बघतो. त्याने टियाफोच्या सर्व्हिसवर फोरहँडचा असा जोरकस फटका मारला की चेंडू परतलाच नाही. टायब्रेक ९-७ असा त्याचा झाला, आणि चौथा सेट ६-२ असा सहज. सामना ज्या कोर्टावर झाला त्याला आर्थर अॅशचे नाव आहे.

मायकेल चँगने १९९२ मध्ये गाठली त्यानंतर या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठणारा तो सर्वांत तरुण अमेरिकन पुरुष ठरला. तिथे नोव्हाक जोकोविचने त्याला सरळ सेटमध्ये हरवले. जिंकल्यावर कानाशी हात नेऊन काल्पनिक फोन दाणकन खाली ठेवण्याचा अभिनय शेल्टन करीत असे. गेन्सव्हिलचा मित्र, अडथळ्यांच्या शर्यतीतील जगज्जेता ग्रँट हॉलोवे याच्याकडून त्याने तो उचलला होता. सामना संपताच जोकोविचने हाच अभिनय त्याच्यासमोर करून दाखवला. जाळ्याजवळचे हस्तांदोलन बरेच थंड झाले. कोण चुकले यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. विशीतल्या पोराने सुरू केलेला पोरखेळ छत्तिशीतल्या विजेत्याला पुढे न्यावासा वाटला, यातच त्या पोराने त्याला किती जागे ठेवले होते ते दिसते.

ऑक्टोबरमध्ये टोकियोत अस्लान करात्सेव्हला हरवून त्याने पहिले एटीपी विजेतेपद मिळवले. त्याच महिन्यात शांघायला त्याने यानिक सिनरलाही हरवले. त्यानंतर २०२५ अखेरपर्यंत सिनरविरुद्ध त्याला एकही सामना जिंकता आलेला नाही.

खेळाची घडण

उंची १.९३ मी., डावखुरेपणा आणि मोकळा खांदा या तिन्हींचा मेळ त्याच्या सर्व्हिसमध्ये आहे. नुसत्या वेगापेक्षा तिचे वळण अधिक त्रास देते. कोर्टाच्या डाव्या बाजूकडून केलेली फिरकी सर्व्हिस उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँडच्या बाजूला पार कोर्टाबाहेर खेचते; उरलेल्या मोकळ्या कोर्टात शेल्टनचा फोरहँड पडतो. दुसरी सर्व्हिसही तो हातचे राखून करीत नाही, म्हणून दुहेरी चुकाही होतात. जाळ्याकडे धाव घेण्याची त्याची हौस विद्यापीठातील दुहेरीतून आलेली दिसते.

कच्चा दुवा म्हणजे परतीचा खेळ. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदण्यात तो अग्रभागच्या इतर खेळाडूंच्या मागे राहतो, आणि दोन्ही हातांनी मारलेला बॅकहँड फोरहँडइतका भरवशाचा नाही. परिणामी त्याचे सेट टायब्रेकपर्यंत लांबतात आणि निकाल दोन-चार गुणांवर येऊन ठेपतो. कुमार वयात लाल मातीवर शेकडो तास घालवले असते, तर हे फटके लवकर पिकले असते, असा आक्षेप त्याच्या घडणीवर घेता येतो आणि तो रास्त आहे. मात्र २०२४ मध्ये ह्यूस्टनला टियाफोला तीन सेटमध्ये हरवून त्याने मिळवलेले दुसरे विजेतेपद नेमके मातीवरचे होते. ते वर्ष एरवी थोडे अडखळतच गेले: विम्बल्डनला चौथ्या फेरीत सिनर, न्यूयॉर्कला तिसऱ्या फेरीत पाच सेटनंतर टियाफो आणि बाझलच्या अंतिम सामन्यात जिओव्हानी म्पेत्शी पेरिकार्ड, असे पराभव वाट्याला आले.

२०२५

या वर्षी त्याच्या खेळातले चढउतार कमी झाले. ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत उपांत्य फेरी, म्युनिकला मातीवर अंतिम फेरी, पॅरिसला चौथ्या फेरीत कार्लोस अल्काराझकडून चार सेटमध्ये हार, विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरी. विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत रिंकी हिजिकाताविरुद्ध तो विजयापासून एक गेम दूर असताना अंधारामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने जेमतेम मिनिटभरात चार सर्व्हिस केल्या, त्यांतल्या तीन बिनतोड, आणि सामना संपवला. नोकरी करणाऱ्या बहिणीची रजा संपत आली होती. ती वाढवून मिळावी अशी विनंती त्याने कोर्टावरच्या मुलाखतीत जाहीरपणे केली आणि ती मान्यही झाली.

टोरंटो येथील मास्टर्स स्पर्धा हे आजवरचे त्याचे सर्वांत मोठे यश. ब्रँडन नाकाशिमा आणि फ्लाव्हिओ कोबोली यांच्याविरुद्धचे सामने अखेरच्या सेटच्या टायब्रेकवर सुटले. मग अॅलेक्स डी मिनॉर आणि टेलर फ्रिट्झ यांना त्याने सरळ सेटमध्ये हरवले. ७ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात कारेन खचानोव्हविरुद्ध पहिला सेट गमावून तो ६-७, ६-४, ७-६ असा जिंकला. सिनर, अल्काराझ आणि जोकोविच तिघेही या स्पर्धेत नव्हते, हे नोंदवायला हवे. फ्रिट्झ आणि डी मिनॉर होते, हेही.

तीनच आठवड्यांनी न्यूयॉर्कला आद्रियाँ मानारिनोविरुद्ध दोन-दोन सेट झालेले असताना डाव्या खांद्याच्या दुखापतीमुळे त्याला सामना सोडावा लागला. ज्या खांद्यावर सारा खेळ उभा, तोच दुखावला. काही आठवडे विश्रांती घेऊन तो परतला आणि वर्षातील आठ सर्वोत्तम खेळाडूंच्या तूरिन येथील अंतिम स्पर्धेसाठी प्रथमच पात्र ठरला. तिथे अलेक्झांडर झ्वेरेव्ह, फेलिक्स ओजे-आलियासिम आणि सिनर या तिघांकडूनही तो हरला. सिनरविरुद्धचा दुसरा सेट टायब्रेकपर्यंत गेला होता.