हायब्रिडचं ॲव्हरेज ब्रेकवर ठरतं

पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली हायब्रिड गाडी नवी असली की चालवणाऱ्याची नजर डॅशबोर्डवरच्या ईव्हीच्या, म्हणजे गाडी फक्त विजेवर चालल्याचं दाखवणाऱ्या, दिव्यावर खिळते. तो विझू नये म्हणून सिग्नल सुटल्यावरही गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे नेली जाते. हिशेब इथेच चुकतो. चार्जरला न लावाव्या लागणाऱ्या हायब्रिडमध्ये बॅटरीतली वीजसुद्धा मुळात पेट्रोलचीच असते. इंजिनाने ती बनवायची, बॅटरीत साठवायची, पुन्हा मोटरला द्यायची. या फेऱ्यात दर टप्प्यावर थोडी गळती होते. जी ऊर्जा एरवी वाया गेली असती ती परत मिळते फक्त वेग कमी करताना आणि उतारावर.

सुमारे 1300 किलोची गाडी ताशी 50 किमी वेगात असेल, तर तिच्यात साधारण 125 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. साध्या गाडीत ती सगळी ब्रेक तापवण्यात जाते. हायब्रिडमध्ये मोटर जनरेटर बनते आणि चाकांना आवरता आवरता वीज तयार करते. मात्र ही गाडी तीन सेकंदांत थांबवली, तर सरासरी 42 किलोवॅटचा लोंढा येतो. दहा सेकंदांत थांबवली, तर 12.5 किलोवॅटचा. छोट्याशा बॅटरीला पहिला लोंढा झेपत नाही आणि उरलेली ऊर्जा ब्रेकचे पॅड घासण्यात संपते. म्हणून दूरवर लाल दिवा दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेकवर हलका पाय ठेवावा आणि डॅशबोर्डवरचा काटा ‘चार्ज’च्या पट्ट्यात राहील इतकंच दाबावं. अचानक कोणी आडवं आलं, तर अर्थातच पूर्ण ब्रेक. अगदी शेवटी, गाडी रांगत असताना, मोटरची पकड सुटते आणि पॅडच लागतात.

निघताना मात्र फार जपून चालवू नये. अशा हायब्रिडमध्ये सहसा असतं ते काटकसरीसाठी बनवलेलं ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन मध्यम भारावर सगळ्यात काटकसरीने चालतं. टोयोटाच्या 2015 च्या चौथ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिडचं इंजिन उत्तम स्थितीत पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी 40 टक्के कामी आणत होतं. मध्यम जोराने हव्या त्या वेगाला यावं, मग पाय सैल करावा. बहुतेक वेळा इंजिन तिथेच बंद होतं आणि समतल रस्त्यावर मोटर वेग सांभाळते.

एक्स्प्रेसवेवर हायब्रिडचा फायदा आटतो, कारण ब्रेक क्वचित लागतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलं, तर तो दीडपटीहून जास्त होतो. तिथे वेग आणि टायरमधली हवा या दोनच गोष्टी आपल्या हातात. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी.

घाटाचं गणित बघण्यासारखं आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. 1300 किलोला ही जवळपास दोन युनिट ऊर्जा झाली. हवा आणि टायर त्यातला बराच वाटा खातात, तरी उरते ती पुष्कळ. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या हायब्रिडमधली बॅटरी 0.76 युनिटची, आणि आयुष्य टिकावं म्हणून तीही तळापासून काठापर्यंत वापरली जात नाही. साहजिकच अर्ध्या घाटातच ती भरते. तेव्हा इंजिन एकदम घोंगावू लागतं आणि लोक घाबरतात. तो बिघाड नव्हे. जादा वीज जिरवण्यासाठी पेट्रोल न जाळता इंजिन फिरवलं जात असतं. अशा उतारावर गिअर ‘बी’वर, म्हणजे इंजिनाच्या अडवणुकीने वेग आवरणाऱ्या खाचेत, ठेवावा; ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलवर कधीही उतरू नये; त्यात चार्जिंग बंद होतं आणि सगळा भार पॅडवर येतो.

पॅड कमी वापरले जातात याची दुसरी बाजूही आहे. कोकणातल्या पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. पिना अडकल्या की पॅड सतत घासत राहतो आणि ॲव्हरेज हळूहळू उतरतं. सर्व्हिसिंगला त्या पिना साफ करून ग्रीस लावायला आवर्जून सांगावं.

शेवटची जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हवेने थंड होणाऱ्या बॅटरीला मागच्या सीटपाशी एक जाळी असते. तिच्यावर पिशवी किंवा उशी टेकली, धूळ साचली, तर बॅटरी तापते, पंख्याचा आवाज वाढतो आणि गाडी बचावासाठी चार्ज घेणं कमी करते. एप्रिल-मेच्या आधी ती जाळी आणि आतला फिल्टर साफ करून घ्यावा.