गोळी कमी पडतेय, की अजून लागायचीय?

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकू येतं: "दादा, थायरॉइडची पन्नासची गोळी काही लागू पडत नाही. पंच्याहत्तरची द्या." मी चिठ्ठी मागतो. चिठ्ठीवरची तारीख बारा-चौदा दिवसांपूर्वीची असते.

हायपोथायरॉइडिझम म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करणं; त्याहून जास्त सांगत बसत नाही. हल्ली घरटी या गोळ्यांची एक बाटली असते. फक्त "माझा थायरॉइड वाढलाय" हे म्हणणं तेवढं सोडा. वाढलेला असतो टीएसएच, म्हणजे डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉइड ऐकत नाही म्हणून हाक मोठी होते. "वाढलाय ना, मग गोळी कमी करते" असा उलटा हिशेब करणाऱ्या काकूही मी पाहिल्या आहेत. आणि २५, ५०, ७५ हे आकडे मायक्रोग्रॅमचे, मिलिग्रॅमचे नाहीत. हे झालं.

खरा घोळ पुढे आहे. "डोस कमी आहे" आणि "डोस अजून पुरता चढलेला नाही" या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. तोच थकवा, तेच जड अंग, भर उन्हाळ्यात पंखा बंद करायला सांगणं, पोट साफ न होणं. अंगाला विचारून यातलं कोणतं हे कळत नाही. कळतं ते आधी कॅलेंडरवरून, मग रक्तावरून.

ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड बनवते तेच थायरॉक्सिन हार्मोन, गोळीतून), डोकेदुखीच्या गोळीसारखी नाही. रक्तातलं निम्मं थायरॉक्सिन संपायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे आजच्या गोळीत कालची आणि परवाची शिल्लक मिसळत जाते आणि पातळी हळूहळू चढते. पन्नासच्या गोळीने शेवटी जी पातळी गाठायची, तिच्या निम्म्यावर तुम्ही पहिल्या आठवड्याच्या शेवटी असता. दुसऱ्या आठवड्याला ७५ टक्के, तिसऱ्याला ८७, चौथ्याला ९४. पाच-सहा आठवड्यांनी ती जवळपास पूर्ण भरते. म्हणजे दहाव्या दिवशी "पन्नासची लागू पडत नाही" म्हणणारा माणूस मुळात पन्नासचा पूर्ण परिणाम अनुभवतच नसतो. पंचवीस वाढवली तरी आतला हिशेब पुन्हा असाच सहा आठवड्यांचा.

त्यातही टीएसएच आणखी मागे रेंगाळतो. पिट्युटरीला महिनोन् महिने ओरडायची सवय लागलेली असते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसं आलं तरी ती लगेच गप्प बसत नाही. म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. तिसऱ्या आठवड्यात हौसेने काढलेला रिपोर्ट खोटा नसतो, पण अर्धवट असतो, आणि त्यावरून डोस वाढवणं म्हणजे पोळी फुगायच्या आत तवा मोठ्या आचेवर ठेवणं. आधी कच्ची वाटते, मग एकदम करपते.

लक्षणांचीही आपली आपली चाल असते. थकवा आणि थंडी वाजणं काही आठवड्यांत कमी होऊ लागतं. केसांना मात्र टीएसएच जागेवर आल्यानंतरही काही महिने लागतात. इथे माझा खास राग: केस गळतात म्हणून लोक बायोटिन हे व्हिटॅमिन सुरू करतात, आणि बऱ्याच लॅबच्या पद्धतींत त्या बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. साधारणपणे तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात. वजनाबद्दल बोलायचं तर थायरॉइडमुळे वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं, त्यातलं बरंचसं मीठ-पाण्याचं. सगळा दोष बाटलीवर टाकू नका.

मग डोस खरंच कमी कधी म्हणायचा? सहा-आठ आठवडे झाले, गोळी एक दिवस न चुकता नीट घेतली, आणि तरी टीएसएच वर आहे, तेव्हा. यात "नीट" हा शब्द महत्त्वाचा. चहाच्या घोटाबरोबर घेतलेली गोळी धड शोषली जात नाही. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास थांबायचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं. ज्यांना डोस "कमी" वाटतो, त्यांना मी आधी एवढंच विचारतो: चहा किती वाजता? अर्ध्या लोकांचं उत्तर तिथेच सापडतं. आणि टीएसएच जागेवर असूनही थकवा असेल, तर हिमोग्लोबिन, बी१२, झोप हेही बघायला हवं. गोळीला मर्यादा आहेत.

थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत. दिवस गेल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण गरोदरपणात गरज लवकर वाढते. छातीत दुखलं, धडधड थांबेना, किंवा माणूस गार पडून गुंगीत जाऊ लागला, तर सहा आठवडे मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेत शिकवणाऱ्या एक ताई शंभर गोळ्यांची पन्नासची बाटली घेऊन गेल्या. तीन महिने पुरायला हवी ती. सत्तावन्नाव्या दिवशी दुसरी मागायला आल्या. मी बिलाची तारीख बघितली आणि हिशेब केला. चौदा दिवस एकेक, पुढे रोज दोन.

"फरकच पडेना हो," त्या म्हणाल्या. "आता पडलाय?" "आता छाती धडधडते, रात्री झोप नाही. त्याचीच गोळी मिळेल का?"

बाटली दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. टीएसएच ०.०८ आला, म्हणजे फारच कमी; गोळी जास्त झाली होती. डॉक्टरांनी परत एकाच पन्नासवर आणलं आणि आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त काढलं. रिपोर्ट दाखवायला ताई मुद्दाम दुकानात आल्या. टीएसएच ३.१, अगदी जागेवर.

"म्हणजे पन्नासच बरोबर होती?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं, आणि एकच बाटली काढून दिली.