उल्का आणि अशनी

सूर्याभोवती फिरणारा खडकाचा किंवा धातूचा लहानसा तुकडा पृथ्वीच्या वातावरणात शिरला की आकाशात क्षणभर जी प्रकाशरेषा उमटते, ती उल्का. बोलताना आपण ‘तारा तुटला’ म्हणतो, पण ताऱ्यांशी तिचा काडीचाही संबंध नसतो. वातावरणातून तगून जमिनीवर पोचलेला तुकडा म्हणजे अशनी. दोघांचे नाव एका दमात घेतले जात असले, तरी ठरावीक रात्री झुंडीने दिसणाऱ्या उल्का आणि हाती लागणारे अशनी यांची कुळे सहसा वेगळी असतात.

नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या बहुतेक उल्कांचे कण वाळूच्या कणापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे असतात. त्यांचा वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर असतो. अशा कणापुढची हवा एकदम दाबली जाऊन भयंकर तापते, कण वितळतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ व आसपासची हवा चमकते. ‘घर्षणाने पेटते’ हे शाळेतले उत्तर अगदीच चूक नाही, पण अपुरे आहे. साधारण 120 ते 80 किलोमीटर उंचीच्या दरम्यान हा सगळा खेळ आटोपतो. सोडियममुळे पिवळसर, मॅग्नेशियममुळे हिरवट-निळसर अशी छटाही कधी दिसते. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात.

कोणत्याही निरभ्र, काळोख्या रात्री तासाभरात चार-सहा उल्का सुटतातच. मध्यरात्रीनंतर त्यांची संख्या वाढते. पावसात दुचाकी चालवणाऱ्याची छाती आधी भिजते आणि पाठ नंतर, तसेच हे आहे: पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते आणि पहाटेच्या वेळी आपण तिच्या पुढच्या बाजूला असतो.

धूमकेतू आपल्या कक्षेत धूळ सांडत जातो आणि त्या धुळीच्या पट्ट्यातून पृथ्वी दरवर्षी ठरलेल्या तारखांना जाते, तेव्हा उल्कावर्षाव होतो. सगळे कण समांतर येत असल्याने त्या उल्का आकाशातल्या एकाच बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात. 1833 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सिंह राशीतून उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला आणि अमेरिकी शास्त्रज्ञ डेनिसन ओल्मस्टेड यांनी हा उगमबिंदू नेमका हेरला. 1866 मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांनी ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहातील वर्षावाचे नाते स्विफ्ट-टटल धूमकेतूशी जोडले. जगभर गाजणारा हा वर्षाव महाराष्ट्रात मात्र ऐन पावसाळ्यात येतो. 12-13 ऑगस्टला सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊन ढगच मोजावे लागतात.

आपल्यासाठी खरा वर्षाव 13-14 डिसेंबरचा, मिथुन राशीतला. उगमबिंदू पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ असतो. तो रात्री आठच्या आसपास वर येतो आणि दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर पोचतो. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. या वर्षावाचा जनक धूमकेतू नसून 1983 मध्ये सापडलेला फेथॉन हा लघुग्रह आहे, ही त्याची आणखी एक खासियत. दर 524 दिवसांनी तो सूर्यापासून सुमारे 2.1 कोटी किलोमीटरवर, म्हणजे बुधाच्याही आत, जाऊन येतो. वर्तमानपत्रांत ‘ताशी 120 ते 150 उल्का’ छापून येते, तो आकडा उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आभाळ पूर्ण काळे असल्यासच लागू पडतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून त्यातल्या मोजक्याच दिसतात. दुर्बिणीचा उपयोग नाही. सतरंजीवर आडवे व्हायचे, मोबाइल बंद ठेवायचा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे द्यायची.

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची माळ गेली आणि उल्कापात झाल्याची हाकाटी उठली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले आढळले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. अवकाशातला असा कचरा सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो आणि बराच वेळ रेंगाळत आभाळ ओलांडतो. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. व्हिडिओ काढायला वेळ मिळाला, तर बहुधा ती उल्का नव्हे.

खरे दगड नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात पडले, 22 मे 2012 रोजी, भर दुपारी. ते एल6 प्रकारातले, म्हणजे लोहाचे प्रमाण कमी असलेले सामान्य दगडी अशनी आहेत. पुढे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना त्यांत ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात सर्वाधिक असलेले हे खनिज 660 किलोमीटरहून अधिक खोलीवर असल्याने आपल्या हाती लागत नाही. काटोलच्या दगडात ते अवकाशातल्या टकरीच्या दाबाने तयार झाले. बहुतेक अशनी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांचे तुकडे असतात. क्वचित एखादा मंगळावरून येतो: 1865 मध्ये बिहारमधील शेरघाटीत पडलेला दगड इतका नमुनेदार ठरला, की मंगळाच्या अशनींच्या एका गटाला त्याच गावाचे नाव मिळाले. धूमकेतूंची भुसभुशीत धूळ मात्र वरच संपते. उल्कावर्षावातला दगड अंगणात पडेल ही भीती निराधार आहे.

अशनी पेटलेल्या अवस्थेत आदळतो, हाही गैरसमज. वीसेक किलोमीटर उंचीवर त्याचा मूळ वेग संपतो, तेज विझते आणि पुढे तो साध्या दगडासारखा पडतो. ताज्या दगडी अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी, करपलेली साल असते. फुटलेल्या कडेला आत राखाडी रंग दिसतो. चुंबक चिकटतो का, ही सर्वत्र सांगितली जाणारी परीक्षा महाराष्ट्रात फसवी ठरते, कारण आपल्या काळ्या कातळातही मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते. दगडाला बुडबुड्यांची भोके असतील तर तो बहुधा कातळ किंवा भट्टीची मळी. अशनीत अशी भोके जवळजवळ नसतातच. भारतात पडलेल्या अशनींचे जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे असते आणि त्यांचा मुख्य संग्रह कोलकात्यात आहे. संशयित दगड धुऊ नये, घासू नये. पडलेल्या जागेचा फोटो काढून दगड कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवावा आणि संस्थेला कळवावे.