दम लागत नाही, कारण जिनाच बंद झालाय

ठाण्याच्या नौपाड्यात माझी मावशी राहते ती इमारत जुनी. मावशी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वय शहात्तर. जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन ती पूर्वी न थांबता वर यायची. मग दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. पिशवी पायरीवर टेकवायची, कठडा धरायची आणि तिथल्या काकूंशी दोन शब्द बोलायची. गप्पांसाठीच थांबते, असं आम्हाला वाटायचं. पुढे खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सुटायला लागली आणि भाजीवाला तीत भाजी भरून द्यायला लागला. "मावशी, दम लागतो का गं?" विचारलं की म्हणायची, "छे, अजिबात नाही." ते खरंच होतं. जिना चढणंच सोडलं, तर दम लागेल कशाला?

म्हातारी माणसं दम लागतो अशी तक्रार फारशी करत नाहीत, दम लागेल ते काम सोडून देतात. आणि घरचे "वय झालं आता" म्हणून विषय मिटवतात. वयाचा वाटा असतो, हे खरं. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती वाढू शकतात, याचा ढोबळ हिशेब २२० वजा वय असा करतात. म्हणजे विशीत २००, तर शहात्तरीत १४४ च्या आसपास. छातीचा पिंजरा ताठर होतो, फुप्फुसांची लवचीकता कमी होते. पण हे सगळं वर्षानुवर्षं, हळूहळू होत असतं. गेल्या दिवाळीत जमणारा जिना या दिवाळीत जमत नसेल, तर त्याचं खापर नुसत्या वयावर फोडून चालणार नाही.

आमची चूक ऑक्सिमीटरवर विसंबण्याची होती. कोविडच्या वेळी घेतलेलं ते यंत्र मावशीच्या बोटाला लावलं की ९८ दाखवायचं आणि आम्ही निर्धास्त व्हायचो. मग रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन निघालं ८.८. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. ठाणेकराला हे लोकलच्या भाषेत लगेच कळेल. हिमोग्लोबिनचे डबे ऑक्सिजनने किती टक्के भरलेत, तेवढंच ऑक्सिमीटर सांगतो. गाडी बारा डब्यांची आहे की नऊ, हे त्याला कळत नाही. डबे गच्च भरलेले, पण गाडीच आखूड, तर माणसं कमीच पोचणार. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. डबे कमी पडले की फेऱ्या वाढवाव्या लागतात, म्हणून हृदय धावतं. बसल्या जागी ते भागवून नेतं, जिन्यावर मात्र उघडं पडतं.

रक्त कमी झालं कशामुळे? गुडघेदुखीवर मावशी कित्येक महिने मनानेच वेदनाशामक गोळ्या घेत होती. त्यांनी जठरात जखम झाली होती आणि त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. गोळ्या थांबल्या, जखमेवर उपचार झाले, लोह सुरू झालं. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं.

तरीही जिना चढवेना. मला सगळ्यात शिकवून गेली ती ही गोष्ट. वर्षभराच्या बसण्याने मांड्यांचे स्नायू झिजले होते. वयानुसार होणाऱ्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात, आणि अंथरूण धरलं की ती झपाट्याने वाढते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा पायांचं स्नायूंसह चरबीविरहित वजन सुमारे १ किलोने घटलं होतं. पायरी चढणं म्हणजे आपलं वजन वर उचलणं. वजन तेवढंच आणि स्नायू निम्मे, तर प्रत्येक पायरीला पायांची जवळजवळ सगळी ताकद पणाला लागते. असे दमलेले पाय श्वास वाढवायला लावतात. फुप्फुसं धडधाकट असूनही धाप लागते ती अशी.

प्रत्येकाचं कारण मावशीसारखं नसतं. उताणं झोपल्यावर जीव घुसमटतो, रात्री उशी वाढवावी लागते, पावलांवर बोट दाबलं की खळगा राहतो, अशी लक्षणं दिसली तर हृदय तपासायलाच हवं. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही माणसांत हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखताच येतो; अचानक लागलेला दम हीच त्याची खूण असते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

झिजलेला स्नायू मात्र परत कमावता येतो, अगदी नव्वदीतही. १९९० साली बोस्टनमध्ये संशोधक मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या १० जणांकडून ८ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मावशीचा व्यायाम साधा आहे. डॉक्टरांना विचारून सुरू केलेला. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीशी, आणि ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा उठबस. जोडीला रोजच्या जेवणात वाटीभर घट्ट वरण, दही, कधी अंडं. कारण चहा-बिस्किटावर स्नायू भरत नाहीत. तिच्या वयाच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा उठता आलं तर पाय कमजोर समजतात. पहिल्या दिवशी ती चार वेळा उठली होती, तेही हातांचा आधार घेऊन. गेल्या रविवारी हात न लावता नऊ वेळा उठली. दुसऱ्या मजल्यावर ती अजून थांबते, पण भाजीची पिशवी आता हातातच असते.