कोल्हापुरी चप्पल : माप आणि चामडे

कोल्हापुरी चप्पल : झाडांची साल व फळे वापरून कमावलेल्या चामड्याची, हाताने कापून शिवलेली, पायाच्या अंगठ्यासाठी स्वतंत्र कडी असलेली उघडी चप्पल. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा ८ जिल्ह्यांत ती तयार होते. २०१९ मध्ये या जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन देण्यात आले. कापशी, कुरुंदवाडी, अथणी हे प्रकार गावांच्या नावांनी ओळखले जातात. कानवली, पुकरी हे इतर प्रकार. जाडजूड गावठी जोडाला कोल्हापूरकडे आजही पायताण म्हणतात.

या नोंदीत चपलेच्या इतिहासापेक्षा दोन गोष्टींचा विचार केला आहे : चामडे कोणते असावे आणि चप्पल पायात कशी बसावी. गिऱ्हाईक हे दोन प्रश्न वेगळे धरते, कारागीर धरत नाही. चप्पल पायात कशी बसणार हे जितके पहिल्या दिवशीच्या मापावर ठरते, तितकेच ते चामडे पुढच्या महिन्याभरात किती सैलावणार यावर ठरते. मऊ चामड्याचा पट्टा आणि ताठ चामड्याचा पट्टा एकाच मापाने कापला, तर दोनपैकी एक जोड हमखास चुकतो.

चपलेचे भाग मोजकेच असतात. तळ हा चामड्याच्या थरांचा, त्याला मागे टाचेचे थर. तळाच्या दोन्ही कडांतून वर आलेले कान, त्या कानांना जोडणारा आडवा पट्टा आणि पट्ट्याच्या पुढे अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कडी. पट्ट्यावर वेणी, नक्षी, कधी गोंडा. अंगठ्याच्या जागेमुळे डावी-उजवी ठरते. टाचेमागे बंद नाही, बक्कल नाही, नाडी नाही. बुटात माप थोडे चुकले तर नाडी सांभाळून घेते. इथे ती सोय नाही. पट्टा आणि अंगठा या दोनच जागांनी पाय धरून ठेवायचा असतो, म्हणून तिथला तीन-चार मिलिमीटरचा फरकही चालताना जाणवतो.

चामडे : तळासाठी म्हशीचे कातडे लागते, कारण ते जाड आणि चिवट. वरच्या पट्ट्याला, वेणीला आणि गोंड्याला बकऱ्याचे किंवा पातळ केलेले चामडे वापरतात. पूर्वी बैलाचे चामडेही बरेच वापरात होते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून भर म्हशीच्या चामड्यावर आहे. बरेचसे तयार चामडे आता तमिळनाडूतून येते.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात, आणि जुना कारागीर पहिली नजर इथेच टाकतो. पाठीचा भाग घट्ट, सारख्या जाडीचा. तळ तिथून काढावा. पोटाकडचा भाग सैल आणि ताणला जाणारा. त्याचा पट्टा कापला तर चप्पल पावसाळ्यापूर्वीच पायात खेळू लागते. मानेकडे सुरकुत्या असतात. पट्टा कापण्याआधी कारागीर चामडे दोन्ही दिशांनी ओढून पाहतो आणि ज्या दिशेने ते कमी ताणते ती दिशा पट्ट्याच्या लांबीला ठेवतो. या एका कृतीवर पट्ट्याचे आयुष्य ठरते. कातडे वाचवण्यासाठी तुकडे आडवेतिडवे लावून कापलेला पट्टा दुकानात अगदी सारखाच दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला हे कळत नाही. कळायचा एकच मार्ग आहे : दोन्ही चपलांचे पट्टे हातात धरून एकाच जोराने ओढावेत. एक अधिक ताणला तर तो जोड घेऊ नये.

कमावण्याची जुनी पद्धत अशी. मीठ लावलेले कातडे धुऊन चुन्याच्या कुंडात भिजवायचे, म्हणजे केस सुटतात. मग ते तासून केस आणि आतले मांस काढायचे, चुना धुऊन टाकायचा आणि बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात कातडे मुरवायचे. शेवटच्या टप्प्यात कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगतात, आत सालीचा चुरा भरून अर्क ओततात. अर्क कातड्यातून झिरपून खाली ठिबकतो, तो पुन्हा आत ओतायचा. मग पिशवी उलटी टांगायची, कारण वरच्या बाजूला अर्क कमी पोचलेला असतो. सगळे मिळून काही आठवडे जातात. सालीतील टॅनिन कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंना घट्ट बांधते, त्यामुळे कातडे कुजत नाही. असे चामडे ताठ असते, घाम शोषते आणि ओल, ऊब व वजन यांच्या दाबाखाली हळूहळू पायाचा आकार घेते. कोल्हापुरीच्या तळाला काही दिवसांनी टाच आणि चवड्याचे ठसे पडतात ते याच गुणामुळे.

क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे एक-दोन दिवसांत तयार होते. ते मऊ असते, पाण्याला जास्त दाद देत नाही, रंग छान घेते, आणि पहिल्या दिवसापासून पायाला लागत नाही. बुटाच्या वरच्या भागाला ते उत्तम. कोल्हापुरीच्या तळाला मात्र ते चालत नाही : दाबाखाली पसरते, ठसा धरून ठेवत नाही, आणि कान उभे राहत नाहीत. फक्त मऊपणा पाहून कोल्हापुरी निवडणे मला चुकीचे वाटते; दुकानात सर्वांत मऊ लागलेला जोड हा बहुधा सर्वांत आधी सैल होणारा जोड असतो.

कातडे कमावण्याचे काम या भागात पिढ्यानपिढ्या ढोर समाजाने केले आणि चप्पल शिवण्याचे चर्मकार समाजाने. वेणी विणणे, पट्टे शिवणे ही बारीक कामे बहुतेक ठिकाणी घरातल्या स्त्रिया करतात. चुना, सडलेले मांस आणि सालीचे पाणी यांत दिवसभर उभे राहण्याचे हे कष्ट. त्याच कष्टांमुळे या माणसांना अस्पृश्य ठरवून गावाबाहेर ठेवले गेले आणि त्यांनी केलेली चप्पल मात्र वाड्यांतल्या पायांत गेली. चपलेची कोणतीही नोंद ही गोष्ट गाळून पूर्ण होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) या धंद्याला आश्रय दिला. आज कोल्हापूर शहरात जवाहरनगर आणि सुभाषनगर या वस्त्यांत काम चालते, पण जुन्या पद्धतीने कातडी कमावणारे फार कमी उरले आहेत.

पारख : आधी कापलेली कड पाहावी. सालीने कमावलेल्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. क्रोमच्या चामड्यात आत निळसर-करडी रेघ दिसते. रेक्झिन, म्हणजे नकली चामडे, असेल तर कडेला कापडाचे धागे दिसतात, आणि वर छिद्रांची नक्षी इतकी एकसारखी असते की खरे कातडे तसे असूच शकत नाही. तळावर नख दाबले तर खऱ्या चामड्यावर खूण उमटते. पाण्याचा थेंब टाकला तर तिथे रंग गडद होतो आणि वाळल्यावर परत येतो. पुढची तपासणी टाचेची. थरांच्या मध्ये पुठ्ठा किंवा चामड्याच्या भुशाचा दाबलेला बोर्ड भरून जाडी दाखवण्याची चलाखी सर्रास होते. बाजूने पाहिले तर असा थर बोटाने कुरतडता येतो. जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नसतो. थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात आणि ती शिवण तळाखाली दिसते. आता नायलॉनचा दोराही वापरतात, त्याला हरकत नाही. नुसत्या डिंकावर चिकटवलेला तळ मात्र पहिल्या ओलीत उकलतो.

माप : दुकानात सांगितला जाणारा नंबर हा बहुतेक वेळा ब्रिटिश मापाचा असतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय मापात तोच फरक सुमारे ६.७ मिलिमीटर. दोन्ही आकडे लांबी सांगतात, रुंदीबद्दल काहीच नाही. आणि आपल्याकडे अडचण रुंदीचीच असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांचे त्रिमितीय मापन केले, तेव्हा भारतीय पाऊल ब्रिटिश व अमेरिकी साच्यांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. लोक रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात, आणि मग टाच मागे सरकत राहते.

हाताने शिवणाऱ्याकडे जाण्याचा खरा फायदा इथे आहे. कागदावर उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड काढून घ्यावी. बसून काढलेले माप उपयोगाचे नाही, कारण भार पडला की पाऊल लांबते आणि पसरते. माप संध्याकाळी द्यावे. दिवसभर चालून पाय किंचित सुजलेला असतो. दोन्ही पायांचे वेगळे माप द्यावे, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, आणि तळ मोठ्या पायाप्रमाणे कापावा. चवड्याचा घेर कागदाच्या पट्टीने घ्यावा. आणि एक खूण बरेच जण विसरतात : अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट जिथे वेगळे होतात ती फट. चपलेचा अंगठा बसवण्याची जागा तीवरून ठरते. लांबी सारखी असलेल्या दोन पायांत ही फट मागेपुढे असते, म्हणून तयार जोड एकाला नेमका बसतो आणि दुसऱ्याला बोचतो.

चप्पल पायात घातल्यावर काय पाहावे? टाच तळाच्या बाहेर लोंबू नये आणि बोटे पुढच्या कडेवरून खाली येऊ नयेत. दोन्हीकडे चार-पाच मिलिमीटर तळ उरावा. अंगठा कडीत पूर्ण जावा, पण कडी त्याच्या मुळाशी रुतू नये. पट्टा नवा असताना घट्टच असावा. इतका घट्ट, की पाय आत सरकवताना थोडा जोर लागेल, पण उभे राहिल्यावर बोटांना मुंग्या येणार नाहीत. चप्पल रुंदीत सैलावते, लांबीत वाढत नाही. त्यामुळे घट्ट पट्टा पुढे नीट होतो, आखूड तळ कधीच होत नाही.

नवी चप्पल चावणे हा सार्वत्रिक अनुभव. ती तीन ठिकाणी चावते : अंगठ्याच्या मुळाशी, पट्ट्याच्या मागच्या कडेखाली आणि बोटांच्या फटीत. पट्ट्याखालचे चावणे काही दिवसांत जाते. फटीतले चावणे आठवड्याभरात कमी झाले नाही तर कडीची जागा चुकली आहे, आणि ती कारागिराकडूनच बदलून घ्यावी; पायाला सरावायला लावू नये. पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा एरंडेलाचे थोडे तेल बोटाने चोळावे, रात्रभर ठेवावे आणि आधी घरातच थोडा थोडा वेळ घालून चालावे. तेलात चप्पल बुडवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नये. तळ तेल प्यायला की मऊ पडतो, शिवण ढिली होते आणि पायाला माती चिकटते. करकर वाजणारी चप्पल काहींना मुद्दाम हवी असते. त्यांनी तर थरांमध्ये तेल जाऊच देऊ नये.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी ही चप्पल वापरू नये, हे स्पष्ट सांगायला हवे. कडी रुतल्याचे त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांना मागून बंद असलेली, मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या तळाची चप्पल हवी. अंगठा शेजारच्या बोटाकडे वळलेला असेल तर कडी मोठी व तिरकी करून घेता येते, पण मापाला स्वतः जावे लागते.

पावसाळ्यात कोल्हापुरी बाजूला ठेवावी. सालीने कमावलेले चामडे पाणी पिऊन फुगते, थर सुटतात, बुरशी धरते. भिजलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी; उन्हात किंवा चुलीजवळ वाळवली तर चामडे तडकते आणि पट्टा आखडून पुन्हा चावू लागतो. वर्षभर घालायची असेल तर तळाखाली रबराचा पातळ थर लावून घेतात. त्याने झीज आणि घसरणे दोन्ही कमी होते. चप्पल थोडी जड होते इतकेच.

जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता सादर केल्या, महाराष्ट्रातून जोरदार आक्षेप घेतला गेला, आणि कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या वादात आकाराची आणि नावाची चर्चा भरपूर झाली. बाभूळ, हिरडा आणि कातडी कमावणाऱ्या हातांबद्दल फार कमी बोलले गेले, ही खंत आहे. मानांकन मिळालेल्या जोडांवर संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली आहे. तो तपासला तर चप्पल कोणत्या कारागिराने, कोणत्या जिल्ह्यात बनवली ते कळते.

चांगल्या जोडाची दुरुस्ती होते. तुटलेला अंगठा बदलता येतो, झिजलेल्या टाचेचा खालचा थर काढून नवा बसवता येतो, सैल पट्टा कानापाशी उसवून आत घेता येतो. पट्टा आत घेणे एकदाच, फार तर दोनदा शक्य असते, कारण आरीची जुनी छिद्रे जवळ येत गेली की कान फाटतो.